केसपेपरवर आईबापाचं नाव नसतं

2013 च्या पावसाळ्यात परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात आमच्या मुलाचं निदान झालं. तेव्हा तो तीन वर्षांचा होता. भांडुपहून पहाटेची लोकल पकडली, रांगेत उभं राहून केसपेपर काढला आणि चार तास बाकावर बसलो. आत जेमतेम वीस मिनिटं मिळाली. डॉक्टर वाईट नव्हते. बाहेर अजून पन्नासेक मुलं ताटकळत होती, त्यांना घाई होती. त्यांनी ‘ऑटिझम’ असं लिहिलं, खाली ‘ओटी, स्पीच, बिहेवियर’ (म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, बोलण्याची आणि वागणुकीची थेरपी) एवढे तीन शब्द लिहिले आणि सहा महिन्यांनी दाखवायला सांगितलं. बायकोने विचारलं, “डॉक्टर, हा मला आई म्हणेल ना?” त्यांनी मान वर केली तोवर दारातून पुढचा नंबर पुकारला गेला होता. आम्ही उठलो.

व्हरांड्यात मुलगा खिडकीच्या गजांवरून बोट फिरवत उभा राहिला, एकदा या टोकाकडून, एकदा त्या टोकाकडून. बायको भिंतीला टेकून बसली होती, हातात केसपेपर. समोरच्या बाकावर बुरख्यातली एक बाई आणि तिची नऊ-दहा वर्षांची मुलगी. मुलीने दोन्ही कान तळव्यांनी दाबून धरले होते. ती बाई उठून आली, बायकोच्या शेजारी फरशीवरच बसली आणि म्हणाली, “रो लो बहन, यहीं रो लो. घर पे सब देखते हैं.” मग बायको रडली. तिथून निघताना त्या बाईने केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूला स्वतःचा नंबर लिहून दिला. ती कुर्ल्याची होती. तो केसपेपर आता पिवळा पडलाय, पण फाइलमध्ये सगळ्यात वर तोच आहे.

त्या इमारतीत त्या दिवशी डॉक्टर होते, परिचारिका होत्या, मानसोपचार विभाग होता, समाजसेवकांची खोली होती. माझ्या बायकोकडे माणूस म्हणून बघणारी एकच व्यक्ती निघाली, आणि तीही दुसऱ्या पेशंटची आई, योगायोगाने समोर बसलेली. माझं म्हणणं साधं आहे. मूल ऑटिस्टिक आहे हे ज्या दिवशी सांगितलं जातं, त्याच दिवशी आईबापाला धरून ठेवणारा कुणीतरी असण्याची व्यवस्था प्रत्येक सरकारी आणि महापालिकेच्या हॉस्पिटलात असली पाहिजे. हा उपचाराचा भाग आहे आणि तसाच तो कागदावर लिहिला गेला पाहिजे. आज तो नशिबावर सोडलेला आहे. केसपेपरवर मुलाचं नाव, वय, वजन असतं. आईबापाचं काय झालंय, हे लिहायला त्यावर रकानाच नाही.

हे मी का एवढं ताणतोय, ते सांगतो. निदानानंतर घरी पोचल्यावर पहिली गोष्ट समोर येते ती दोष. माझी आई आधीपासूनच म्हणायची, “तू तरी कुठे चार वर्षांपर्यंत बोलत होतास? मुलगे उशिराच बोलतात.” त्यात माया होती, पण त्या मायेत आमचं एक वर्ष गेलं. निदान कळल्यावर सूर बदलला. एका काकूंनी बायकोच्या नोकरीचा विषय काढला. बालवाडीच्या बाईंनी विचारलं, घरात मोबाईल देता का? कुणी गरोदरपणातल्या ग्रहणाची आठवण काढली. मी त्याच खोलीत बसलेलो असायचो आणि मला कुणी काही विचारायचं नाही. सगळे प्रश्न तिलाच.

या दोषाला इतिहास आहे. 1943 साली अमेरिकेत लिओ कॅनर या डॉक्टरांनी अकरा मुलांची लक्षणं नोंदवून ऑटिझमचं वर्णन केलं. पुढच्या काळात तिथे असा समज रूढ झाला की आई थंड आहे, मायेला कमी पडते, म्हणून मूल असं झालं. अशा आईला ‘रेफ्रिजरेटर मदर’ म्हणत. मुलांच्या मानसिक उपचारांवर लिहिणाऱ्या ब्रुनो बेटेलहाइम यांनी तर हा समज घराघरात पोचवला. मुलं आईपासून दूर ठेवली गेली. 1964 मध्ये बर्नार्ड रिमलँड यांनी पुराव्यानिशी हे खोडून काढायला सुरुवात केली. ते स्वतः मानसशास्त्रज्ञ होते आणि एका ऑटिस्टिक मुलाचे वडीलही. त्याला सहा दशकं होऊन गेली. ऑटिझम मेंदूच्या जडणघडणीतला फरक आहे, त्याची सुरुवात जन्माआधीच होते आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, हे वैद्यकशास्त्राने मान्य केलेलं आहे. तरीही मुंबईतल्या टू-बीएचकेत फ्रिजची जागा मोबाईलने घेतली आहे. ‘व्हर्च्युअल ऑटिझम’ नावाचा शब्द आज प्रत्येक कौटुंबिक ग्रुपवर फिरतो. हे मान्यताप्राप्त निदान नाही. लहान मुलाला स्क्रीन कमी द्यावी, त्याच्याशी बोलावं, हे खरंच आहे आणि प्रत्येक मुलासाठी खरं आहे. पण ‘तू मोबाईल दिलास म्हणून झालं’ असं एखाद्या आईला सांगणं म्हणजे 1950 च्या दशकातलं पाप नव्या शब्दात करणं आहे. ज्या बाईला निदान होऊन आठवडा झालाय, तिला हे ऐकवणाऱ्याला मी तरी अडाणी म्हणून सोडून देत नाही.

(ऑटिझमसाठी आपला ‘स्वमग्नता’ हा शब्दही मला कधी पटला नाही. मग्न म्हटलं की वाटतं, मूल आत कुठेतरी सुखात आहे आणि आपल्याला ते तिथे येऊ देत नाही. आमचा मुलगा मग्न नव्हता. शेजारच्या घरातला मिक्सर त्याला आपल्यापेक्षा दहापट मोठा ऐकू येत होता.)

दोष लागलेला माणूस एकटा पडतो, आणि एकटा पडलेला माणूस गिऱ्हाईक होतो. निदानानंतरच्या पहिल्या वर्षात आमच्याकडे काय काय आलं: गहू-दूध बंद करा, अमुक भस्म द्या, तमुक ठिकाणी नवस बोला, आणि सगळ्यात महाग, स्टेम सेल, म्हणजे शरीरात मूळपेशी सोडण्याचा उपचार. मी पीएफमधून पैसे काढायचा अर्ज भरला होता. सही राहिली होती फक्त. त्या रात्री बायकोने कुर्ल्याच्या त्या बाईला फोन केला. ती फोनवर जवळजवळ ओरडलीच: “मेरे अस्सी हजार गए, बेटी का कुछ नहीं हुआ. आप मत करो.” दुसऱ्या दिवशी मी अर्ज फाडला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही आजारांसारखे मोजके मान्य उपचार सोडले, तर स्टेम सेलचा वापर फक्त मंजूर चाचणीतच करता येतो. ऑटिझमवर उपचार म्हणून पैसे घेऊन तो विकता येत नाही. हे आम्हाला पुढे वाचून कळलं. त्या रात्री मात्र वाचवलं ते एका फोन नंबरने. आधाराचं मोल काय, असं मला कुणी विचारलं तर मी तो पीएफचा अर्ज दाखवतो.

यावर एक आक्षेप मी अनेकदा ऐकलाय, डॉक्टरांकडून आणि अधिकाऱ्यांकडूनही. मुलांच्या थेरपीलाच माणसं नाहीत, ओटीसाठी महिनोन्‌महिने नंबर लागत नाही, तिथे पालकांच्या मनाचं कोण बघणार? आक्षेप प्रामाणिक आहे. पण तो हिशेब उलटा मांडतो. ओटी आठवड्यातून दोनदा, पाऊण तास. उरलेल्या वेळात मुलाला बोलतं करायचं, दात घासायला शिकवायचं, गर्दीच्या जिन्यावर सांभाळायचं, हे सगळं आईबापच करतात. थेरपिस्ट म्हणतातही, “घरी करून घ्या.” करून घेणारी व्यक्ती रात्री दोनपर्यंत छताकडे बघत पडलेली असेल, तर काय करून घेणार?

आणि यासाठी प्रत्येक वेळी मानसोपचारतज्ज्ञच लागतो असंही नाही. आपल्या शेजारच्या गोव्यात आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत एक अभ्यास झाला, 2016 मध्ये तो ‘लॅन्सेट सायकिअट्री’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्यात तज्ज्ञ नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी पालकांना मुलाशी खेळण्याची, त्याच्या संकेतांना प्रतिसाद देण्याची पद्धत शिकवली, आणि पालक-मुलातल्या देवाणघेवाणीत फरक दिसला. जागतिक आरोग्य संघटनेने पालकांसाठी जो कौशल्य-प्रशिक्षण कार्यक्रम केला आहे, त्यात नऊ गटबैठका आणि तीन घरभेटी असतात, आणि पालकाने स्वतःची काळजी कशी घ्यायची हा त्याचा भाग आहे. म्हणजे साहेब, नमुना तयार आहे. महापालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलांत वैद्यकीय समाजसेवकांची पदं आहेत. आज त्यांचा बराच वेळ ट्रस्टकडून पैसे मिळवून देण्याच्या कागदांत जातो, तेही गरजेचंच आहे. आठवड्यातली एक दुपार, एक खोली, एक टेबल, चार खुर्च्या आणि तिथे बसायला तयार असलेले दोन जुने पालक. नव्याने निदान झालेल्या प्रत्येक कुटुंबाला डॉक्टरांनी त्याच केसपेपरवर लिहून द्यायचं: ‘पालक भेट’. ओटी, स्पीच, बिहेवियरच्या खाली चौथी ओळ.

मुंबईत हे अजिबात होत नाही असं मी म्हणत नाही. ‘उमीद’ ही संस्था 2001 पासून मुलांच्या विकासाबरोबर कुटुंबाकडेही बघते आहे. ‘फोरम फॉर ऑटिझम’ तर पालकांनीच उभा केलेला गट आहे. पण तिथपर्यंत पोचतो तो ज्याला कुणीतरी सांगितलंय. कळव्याहून, मानखुर्दहून, विरारहून सकाळी केसपेपरच्या रांगेत उभा राहणारा बाप त्या गावचाच नसतो. त्याला रांगेतच गाठलं पाहिजे. 14416 या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या क्रमांकावर मराठीत बोलता येतं, 2022 पासून ती सोय आहे. तो क्रमांक बालरोग ओपीडीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लावायला कुणाची परवानगी लागते? मात्र फोनवरच्या आवाजाने भागेल असं समजू नये. त्या व्हरांड्यात ती बाई फरशीवर बसली होती, ते फोनवर होत नाही.

कायद्यालाही हे नवं नाही. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांसाठी 1999 मध्ये जो राष्ट्रीय न्यास कायदा झाला, त्याच्या उद्दिष्टांत अपंग व्यक्तीच्या कुटुंबावर संकटाचा काळ आला असता गरजेनुसार सेवा देणाऱ्या संस्थांना मदत करणं, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. कुटुंबावरचं संकट. निदानाचा आठवडा हे संकट नाही तर काय आहे? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने ऑटिझम अपंगत्वाच्या 21 प्रकारांत घेतला, जास्त मदत लागणाऱ्या व्यक्तींसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद केली. प्रमाणपत्राचा रस्ता खुला झाला, त्याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. पण त्या रस्त्यावरही पालक कसा चालतो ते बघा. 2018 मध्ये आम्ही प्रमाणपत्रासाठी गेलो. ऑटिझम किती आहे हे ठरवणाऱ्या भारतीय मोजपट्टीत 40 मुद्दे असतात. नजरेला नजर देतो का? हाक मारल्यावर बघतो का? इतर मुलांत मिसळतो का? स्वतःला इजा करतो का? बायको एकेक उत्तर देत गेली. आपल्या मुलाला काय काय येत नाही, हे एका बैठकीत चाळीस वेळा स्वतःच्या तोंडाने सांगायचं, आणि शेवटी अपंगत्वाचे टक्के मिळतात. चाळीस टक्के भरले तर सवलती. प्रश्न आवश्यक आहेत, मला मान्य आहे. ते विचारून झाल्यावर समोरच्या बाईला एक ग्लास पाणी आणि “तुम्ही कशा आहात?” हा एक्केचाळिसावा प्रश्न, एवढं मोजपट्टीच्या बाहेर करता येण्यासारखं आहे.

दिव्यांग कार्ड मिळाल्यावर आम्ही लोकलच्या दिव्यांग डब्यात चढलो. मुलाच्या कानांवर मोठे हेडफोन होते. कुबड्या घेतलेले एक गृहस्थ चिडले: “धडधाकट पोरगं घेऊन इथे कशाला चढता?” त्यांचा राग मी समजू शकतो, धडधाकट माणसं त्या डब्यात रोज घुसतात. बायकोने काही न बोलता कार्ड पुढे केलं. घाटकोपर येईपर्यंत ती हात तसाच धरून उभी होती.

आता बापांबद्दल, कारण या विषयावर आम्ही फार कमी बोलतो. निदानानंतर मी खंबीर राहिलो, असं नातेवाईक अजून म्हणतात. मी एका सहकारी बँकेत आहे. त्या वर्षी संध्याकाळचं क्लोजिंग मी स्वतःहून मागून घेतलं. सुटल्यावर भांडुपला उतरायचो आणि प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर बसून राहायचो. दोन गाड्या जाऊ द्यायचो, कधी तीन. मुलगा झोपल्यावर घरी जायचं, हा हिशेब. बायकोला हे कळलं दोन वर्षांनी, मी सांगितलं तेव्हा. ती रागावली नाही, म्हणाली, “मला वाटायचं, तुला काहीच वाटत नाही.” दोन वर्षं ती घरात एकटी होती आणि मी बाकावर एकटा होतो, आणि मधे फक्त भांडुप स्टेशनचा जिना होता. पालकांच्या बैठका तेव्हाही व्हायच्या. मंगळवारी सकाळी अकरा वाजता. बँकेतला, कारखान्यातला, रिक्षा चालवणारा बाप मंगळवारी अकराला कसा येणार? न येणाऱ्या बापाला बेजबाबदार ठरवण्याआधी बैठक रविवारी ठेवून बघावी. पुरुषांचा वेगळा गट असावा, असंही मला वाटतं. बायकोसमोर रडायला मला जमलं नाही, पण त्या बाकावर शेजारी माझ्यासारखाच कुणी येऊन बसला असता तर मी बोललो असतो.

काही ऑटिस्टिक प्रौढांचा या सगळ्याला विरोध आहे, आणि तो ऐकला पाहिजे. पालकांच्या दुःखाच्या गोष्टीच सगळीकडे सांगितल्या जातात, त्यात मूल म्हणजे एक आपत्ती होऊन बसतं, असं ते म्हणतात. 1993 मध्ये टोरंटोच्या एका परिषदेत जिम सिंक्लेअर या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या वक्त्याने पालकांना सांगितलं होतं की तुमचं दुःख तुम्ही मनात रंगवलेल्या मुलासाठी आहे. ते जरूर करा, पण ज्या मुलाला तुमची गरज आहे त्याच्यासमोर त्याचा शोक करू नका. मला हे पटायला वेळ लागला. मुलगा आठ वर्षांचा असताना बायको स्वयंपाकघरात बहिणीशी फोनवर बोलत होती, त्याच्याबद्दलच, रडत. तेव्हा तो जेमतेम वीस शब्द बोलायचा. तो बाहेरच्या खोलीतून उठून आला, तिच्यासमोर उभा राहिला आणि आपला तळवा त्याने तिच्या तोंडावर ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला. त्याला सगळं कळत होतं. म्हणूनच रडायची जागा घराबाहेर हवी, मुलाच्या कानांपासून लांब, ज्यांना सांगता येईल अशा माणसांत. मला तर सिंक्लेअर यांचं म्हणणं आमच्या मागणीच्या बाजूचंच वाटतं.

सरकार हलेल तेव्हा हलेल. तोवर ज्यांच्या घरात, चाळीत, ऑफिसात कुणाच्या मुलाचं नुकतंच निदान झालंय, त्यांना माझी विनंती आहे. व्हिडिओ पाठवू नका. कुणाचं मूल कसं बरं झालं ते सांगू नका. ‘देव निवडक लोकांनाच अशी मुलं देतो’ हे तर नकोच. काय करायचं ते मी माझ्या मेहुण्याकडून शिकलो. तो तेव्हा पंचविशीचा, नोकरीच्या शोधात. निदानानंतरच्या तिसऱ्या रविवारी तो आला, चहा प्यायला आणि म्हणाला, “भावोजी, तुम्ही दोघं कुठेतरी जाऊन या. दोन तास मी बघतो याला.” आम्ही कुठेच गेलो नाही, पंखा लावून झोपलो. तो मुलाला घेऊन भांडुप स्टेशनच्या पुलावर गेला. मुलाला गाड्या आवडतात. फास्ट न थांबता निघून जाते तेव्हा तो हसतो, स्लो येते तेव्हा कठड्याला गाल लावून बघत राहतो.

पुढच्या रविवारी मेहुणा पुन्हा आला. आज त्याला दोन मुली आहेत, राहायला डोंबिवलीला गेलाय, आणि अजूनही महिन्यातून दोन रविवार तो येतो. मुलगा पंधरा वर्षांचा आहे, उंचीने मामाच्या खांद्याला लागलाय. पुलावर उभं राहून तो अनाउन्समेंट करतो, “पुढील स्टेशन, कांजूरमार्ग,” आणि मामा म्हणतो, “मग?”